नणंदेची साक्ष

कॅथरीन तुस्कानोचा फोन पहाटे साडेपाचला वाजायला लागतो. मस्कतच्या वादी कबीर भागात शाळेच्या गाड्या चालवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ती एकोणीस वर्षं काम करते आहे. कुठल्या गाडीचा एसी बंद पडला, कुठला ड्रायव्हर तापाने पडला, कुणाची मुलगी आज येणार नाही, हे सगळं आधी तिच्याकडे येतं. बेचाळीस गाड्यांचे रस्ते तिला पाठ आहेत. ड्रायव्हर लोक तिला वचकून असतात. "यल्ला तौहीद भाई, बच्चे धूप में खड़े हैं," एवढं ती फोनवर म्हणाली की तौहीदचा चहा अर्धाच राहतो. चोपन्न वर्षांची, ठेंगणी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेली ही बाई एकदा बोलली की तो विषय संपला, असं ऑफिसात समजलं जातं.

तिच्या घरातही तसंच समजलं जायचं. लॉईडच्या बाबतीत तर फारच.

लॉईड तिचा धाकटा भाऊ. वसईजवळच्या गास गावात त्यांची पानवेलीची वाडी होती. आई गेली तेव्हा कॅथरीन एकवीस वर्षांची होती आणि लॉईड आठ वर्षांचा. बापूस दिवसभर वाडीत असायचा आणि संध्याकाळी कुणाशी बोलायचा नाही. लॉईडला आंघोळ घालण्यापासून त्याचं शाळेचं दप्तर भरण्यापर्यंत सगळं कॅथरीनने केलं. तिला मागण्या येत होत्या, पण लॉईड डिप्लोमाला लागेपर्यंत तिने लग्नाचं नाव काढू दिलं नाही. स्टॅन्लीने मात्र वाट पाहिली. तो मस्कतच्या एका हॉटेलात लाँड्रीचा सुपरवायझर होता. लग्न होऊन ती मस्कतला आली, आणि पुढे लॉईडचं शिक्षण झाल्यावर तिनेच खटपट करून त्याला सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लावलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याची खंत तिने कधी बोलून दाखवली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझा एक वाढवून झालाय."

लॉईडसाठी मुलगीही तिनेच पसंत केली. जॅस्मिन भुईगावची. पॅथॉलॉजीचा डिप्लोमा केलेली, वसईतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, कमी बोलणारी. लग्नानंतर ती सोहारला आली. इथल्या एका दवाखान्यात तिला लॅबची नोकरी मिळत होती, पण लॉईड म्हणाला, घर बघ. मग ॲव्हरिल झाली. मग लॉईडने सोहारमधला फ्लॅट सोडून तिकडे पाऊण तासावरच्या खाबुऱ्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एका ओमानी कुटुंबाच्या घरामागे, खजुराच्या बागेला लागून. "तिथे शांत असतं, बाय," असं त्याने कॅथरीनला सांगितलं. आसपास एकही मराठी घर नव्हतं, चर्चला जाणारं कुणी नव्हतं, जॅस्मिनला गाडी चालवता येत नव्हती. कॅथरीनला वाटलं, आपल्या भावाला संसार कळायला लागला.

एकदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात जॅस्मिन ॲव्हरिलला घेऊन अचानक मस्कतला आली. टॅक्सीवाल्याला विनवण्या करत, वाटेत एकदा गाडी बदलून. तिच्या दंडावर चार बोटांचे काळेनिळे ठसे होते. कॅथरीनने ते पाहिले. आजही ती हे लपवत नाही, की तिने ते नीट पाहिले होते.

तिने जॅस्मिनला चहा दिला, जेवू घातलं, आणि मग लॉईडला फोन लावला. लॉईड दोन तासांत आला. दारातच रडायला लागला. कामाचं टेन्शन आहे, शिफ्ट वाढल्यात, हात कसा उठला कळलंच नाही, बाय, परत होणार नाही. कॅथरीनने त्याला जॅस्मिनसमोर चांगलंच फैलावर घेतलं. मग जॅस्मिनला आत नेऊन सांगितलं, "तो रागीट आहे, पण मनाने वाईट नाही. मी त्याला ओळखते. तूही त्याच्या तोंडाला लागू नकोस. संसारात थोडं सोसावं लागतं." संध्याकाळी कॅथरीनने डबाभर पिठाचे तळलेले फुगे आणि मटणाचं इंद्याल बांधून दिलं आणि स्वतः गाडीचं दार उघडून तिला आत बसवलं.

स्टॅन्ली तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, "कॅथी, तिला विचारलंस का, जायचंय का म्हणून?"

"हे काय विचारायचं असतं?" कॅथरीन म्हणाली.

त्यानंतर जॅस्मिन कधी आली नाही. फोनवर बरी आहे म्हणायची, आणि तिच्या पाठीमागे बहुतेक वेळा लॉईडचा आवाज असायचा. पुढे तिचे फोन येणंच थांबलं. लॉईड सांगायचा, तिच्या मोबाईलचं काहीतरी झालंय. कॅथरीनला तेही पटलं, किंवा तिने पटवून घेतलं.

त्या वर्षीच्या नाताळनंतर दोन दिवसांनी लॉईड एकटाच ॲव्हरिलला घेऊन आला. जॅस्मिनला ताप आहे, मुलीला लागायला नको, चार दिवस ठेव, म्हणाला आणि चहाही न घेता गेला. ॲव्हरिल सहा वर्षांची झाली होती. इंग्रजी सफाईदार बोलायची, मराठी अडखळत. कॅथरीनला भाचीची कंपनी आवडली. दोघींनी मिळून करंज्यांसारख्या नेवऱ्या तळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲव्हरिल हॉलमध्ये कार्टून बघत बसली होती. स्वयंपाकघरात स्टॅन्लीने माशाचं पातेलं उतरवताना हात भाजून घेतला, पातेलं खाली पडलं आणि तो चिडून मोठ्याने ओरडला. कॅथरीननेही तितक्याच मोठ्याने त्याला उत्तर दिलं. त्यांच्या घरात हे रोजचंच होतं. पण त्याच वेळी हॉलमधल्या टीव्हीचा आवाज वाढायला लागला. वाढत वाढत इतका झाला की कपाटाच्या काचा थरथरल्या. कॅथरीन पदराला हात पुसत बाहेर आली. ॲव्हरिल सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रिमोट दोन्ही हातांत घट्ट, डोळे टीव्हीवर, पण टीव्ही बघत नव्हती.

कॅथरीनने आवाज कमी केला. "काय झालं गं बाळा?"

"ममा म्हणते, वॉल्यूम वाढव," ॲव्हरिल म्हणाली. "डॅडी शाउट करतो ना, तेव्हा. मग ऐकू नाय येत."

"काय ऐकू येत नाही?"

मुलीने थोडा वेळ मराठी शब्द शोधला. मग म्हणाली, "ममा."

कॅथरीन तिच्या शेजारी बसली. स्टॅन्ली भाजलेल्या हातावर पाणी धरून दारात उभा होता, त्यानेही ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. लॉईडची शिफ्ट सकाळी सात ते संध्याकाळी सात, हे कॅथरीनला माहीत होतं. ॲव्हरिलला तिने खालच्या मजल्यावरच्या मनालीकडे ठेवलं आणि दोघं नवरा-बायको जुन्या गाडीने खाबुऱ्याला निघाले.

लॉईडच्या खोल्यांच्या बाहेरच्या दाराला कुलूप होतं. कॅथरीनने हाका मारल्या, तेव्हा आतून जॅस्मिनचा आवाज आला, "चावी त्याच्याकडे आहे." स्टॅन्ली समोरच्या घरी गेला. घरमालक अहमदची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली. तिला हिंदी येत नव्हतं आणि यांना अरबी जेमतेम. पण तिने कॅथरीनकडे एकदा रोखून पाहिलं, आत जाऊन जुन्या किल्ल्यांचा जुडगा आणला आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. मग दाराकडे बोट दाखवून स्वतःच्या मनगटावर हात आपटून दाखवला. तिला सगळं माहीत होतं. काय करावं, हे तिलाही कळत नव्हतं.

जॅस्मिन पलंगावर बसली होती. डाव्या मनगटाला ओढणी गुंडाळलेली आणि हात टम्म सुजलेला. ती इतकी वाळली होती की कॅथरीनला क्षणभर ओळख पटली नाही.

"चल," कॅथरीन म्हणाली. "कपडे भर. आपण मस्कतला जाऊ."

जॅस्मिन जागची हलली नाही. "मागच्या वेळी तुम्हीच मला गाडीत बसवलंत, कॅथीबाय."

कॅथरीन खाली फरशीवर बसली. "बसवलं," ती म्हणाली. "चूक झाली माझी. मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही. माझा भाऊ म्हणून."

"आता परत त्याला फोन कराल. तो येईल, रडेल."

कॅथरीनने पर्समधून आपला मोबाईल काढला आणि जॅस्मिनच्या मांडीवर ठेवला. "हा तुझ्याकडे ठेव. तू देशील तेव्हा घेईन."

जॅस्मिनने फोन उचलला. पण उठण्याआधी तिने जे सांगितलं त्यावरून कॅथरीनला कळलं, की कुलूप हा सगळ्यात छोटा प्रश्न होता. पासपोर्ट, तिचा आणि ॲव्हरिलचा, लॉईडने कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवला होता. तिचा व्हिसा त्याच्या नावावर. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, की पोलिसांत गेलीस तर तुझा व्हिसा कॅन्सल करीन, तुला एकटीला विमानात बसवतील आणि पोरगी इथे माझ्याकडे राहील. इथे नवऱ्याचंच चालतं. जॅस्मिनने त्यावर विश्वास ठेवला होता. खरं म्हणजे कॅथरीनलाही तेच वाटत होतं. बावीस वर्षं ओमानमध्ये राहून, बेचाळीस गाड्यांची कागदपत्रं सांभाळून, एका बाईला काय हक्क आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

निघताना अहमदच्या म्हाताऱ्या आईने जॅस्मिनच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं आणि खजुराचं एक पुडकं गाडीत टाकलं.

मस्कतच्या हॉस्पिटलात त्या वेळी डॉक्टर देविका ड्यूटीवर होत्या. केरळच्या, वयाने तरुण. जॅस्मिन म्हणाली, पायरीवरून पडले. ती सवयीने म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली आणि कॅथरीनला शांतपणे सांगितलं, "आप बाहर बैठिए।"

"मैं इसकी ननद हूँ," कॅथरीन म्हणाली.

"इसीलिए," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर कॅथरीन चाळीस मिनिटं बसली. आधी तिला राग आला. मग तो हळूहळू ओसरला. डॉक्टरांना आपण कोण वाटलो असू, आणि ते कितपत चुकीचं आहे, याचा विचार करत ती तिथेच बसून राहिली. आत एक्स-रेत दिसलं, की मनगट आठवड्याभरापूर्वी मोडलंय. आणि एका बरगडीचं हाड कधीतरी मोडून आपोआप, वाकडं जुळून आलंय. ती बरगडी कधीची, हे जॅस्मिनलाही नीट आठवेना. डॉक्टरांनी सगळं लिहून काढलं, फोटो घेतले, आणि जॅस्मिनला समजावलं, की दुसऱ्याच्या हाताने झालेली इजा असली की पोलिसांना कळवावं लागतं. आणि हा कागद जपून ठेव, पुढे कुठेही गेलीस तरी हाच बोलेल.

पोलीस स्टेशनात जबाब घ्यायला एक बाई अधिकारी होती, आणि हिंदी-अरबी करणारा आदिल नावाचा दुभाष्या. जॅस्मिनला वाटलं होतं, आपल्यालाच दटावतील. बाईंनी आधी पाणी मागवलं. मग विचारलं, तुला काय हवंय? तक्रार पुढे न्यायची तर नेता येईल, व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. जॅस्मिन म्हणाली, "मला माझा पासपोर्ट हवा, माझी मुलगी हवी, आणि घरी जायचंय." आदिलने ते अरबीत सांगितलं. बाईंनी ते शब्द न शब्द लिहून घेतले.

रविवारी कॅथरीनने इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कारण न सांगता रजा टाकली आणि दोघी भारतीय दूतावासात गेल्या. तिथे ज्या बाईंशी गाठ पडली त्या नागपूरच्या निघाल्या, मराठीत बोलायला लागल्या, आणि जॅस्मिन पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

"पासपोर्ट सरकारचा असतो," बाई म्हणाल्या. "तो नवऱ्याने लॉकरमध्ये ठेवायचा नसतो, मालकानेही नाही. तो आम्ही मागवू. नाही दिला तर दुसरी सोय करता येते. आता घरचं सांगा. मारहाण इथे झाली म्हणून भारतात काही करता येत नाही, असं कुणी सांगितलंय का तुम्हाला?"

"त्यानेच सांगितलंय," जॅस्मिन म्हणाली.

"चुकीचं सांगितलंय. दोन हजार पाचचा कायदा आहे, घरातल्या हिंसाचारापासून बाईला संरक्षण देणारा. तुम्ही जिथे राहाल तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. म्हणजे वसईत, तुमच्या आईच्या घरी राहून. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, ते अर्ज भरून देतात. बाईला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, तिची कमाई किती ते विचारत नाहीत. त्याने जवळ फिरकू नये, मुलगी तुमच्याकडे राहावी, खर्च द्यावा, हे सगळं मागता येतं. आणि मारहाण म्हणजे फक्त हात उचलणं नव्हे. कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं, नोकरी करू न देणं, हेही त्यात येतं."

जॅस्मिन ऐकत होती. शेवटच्या वाक्यावर ती रडायला लागली. मनगट मोडलं तेव्हा रडली नव्हती, असं तिने नंतर सांगितलं. नोकरीचंही कुठे लिहिलेलं असेल, हे तिला माहीतच नव्हतं.

"मुलीचं मात्र जपून करायला हवं," बाई पुढे म्हणाल्या. "वडिलांची लेखी संमती घ्या. नाहीतर विमानतळावर अडचण व्हायची."

शुक्रवार रात्रीपासून लॉईडचे फोन येत होते, ते कुणी उचलले नव्हते. मंगळवारी पोलिसांनी त्याला स्टेशनला बोलावलं. तो दोन्ही पासपोर्ट घेऊन आला. जॅस्मिनसोबत बहीण आहे हे पाहून त्याचा चेहरा उजळला. आता बाय सांभाळून घेईल, असं त्याला वाटलं असावं. तिने आयुष्यभर तेच केलं होतं.

"बाय, घरातली भांडणं इथे कशाला आणलीस?" तो मराठीत म्हणाला. "तिला सांग ना तू."

"मी सांगायला नाही आले," कॅथरीन म्हणाली. "लिहून द्यायला आलेय. दंडावरचे वळ मी बघितले होते. कुलूप मी बघितलं. ॲव्हरिल काय म्हणाली ते मी ऐकलं. ते सगळं मी लिहून दिलंय आणि खाली सही केलीय."

लॉईड पुढे झाला. "तू माझी आई आहेस, बाय."

"होय रे. म्हणून तर सही करताना हात चालेना माझा."

"मला नोकरीवरून काढतील. तूच आणलंस मला इथे, आणि तूच आता..."

"जॅस्मिनला पण मीच आणलं," ती म्हणाली. "पोरीला पाठवायची संमती दे. आणि तिच्या घरी फोन करणार नाहीस, हे लिहून दे. नाहीतर ती तक्रार पुढे नेईल आणि मी तिच्या बाजूने उभी राहीन. मी थकणार नाही, लॉईड. तुला माहिताय मला."

अधिकारी बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. लॉईडने दोन कागदांवर सह्या केल्या. पश्चात्तापाने केल्या की नोकरीच्या भीतीने, हे कॅथरीनला आजही सांगता येत नाही. जाताना त्याने जॅस्मिनकडे पाहिलं नाही आणि कॅथरीनशी बोलला नाही.

जॅस्मिन आणि ॲव्हरिल दहा दिवसांनी मुंबईला गेल्या. ते दहा दिवस जॅस्मिन कॅथरीनच्या घरी होती. फोन तिने तिसऱ्या दिवशी परत केला.

त्यानंतरचे महिने कॅथरीनला जड गेले. मस्कतमधल्या रुवीच्या चर्चबाहेर मिस्सा सुटल्यावर ज्या बायका अर्धा तास गप्पा मारत थांबायच्या, त्या आता घाईत असायच्या. एकीने तोंडावर विचारलं, "आपल्याच माणसाला पोलिसांत न्यायचं?" गावाहून चुलतभाऊ मार्टिनचे फोन आले, की रक्ताचा भाऊ आहे, बाय, लोक काय म्हणतात माहिताय का. कॅथरीन त्याला म्हणाली, "तिचं मनगट बघून ये भुईगावला, मग बोल." मार्टिन गेला नाही, पण फोन बंद झाले. लॉईडने तिचा नंबर ब्लॉक केला होता. त्याच्या वाढदिवशी तिने सवयीने फोन लावला, लागला नाही, आणि तिने ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं. स्टॅन्ली तिला घ्यायला आला. त्या दिवशी तो घरी न जाता गाडी मत्राहच्या किनाऱ्याकडे घेऊन गेला, आणि दोघं तिथे उजेड असेपर्यंत बसले.

वसईत मात्र काम पुढे सरकत होतं. संरक्षण अधिकारी बाईंनी अहवाल तयार केला. डॉक्टर देविकांचा कागद त्याला जोडला. लॉईडने गावातूनच वकील दिला. त्या वकिलाचं म्हणणं असं, की सगळं खोटं आहे, बाई पायरीवरून पडली आणि परदेशात काय झालं याला साक्षीदार नाही. तेव्हा जॅस्मिनला सरकारतर्फे मिळालेल्या वकील बाईंनी कॅथरीनला फोन केला. "प्रतिज्ञापत्र आहे तुमचं, पण तुम्ही स्वतः आलात तर फरक पडेल. उलटतपासणी होईल. चालेल का?"

कॅथरीन वर्षाची सुट्टी लॉईडच्या लग्नाच्या वाढदिवसाला, नाताळला, बापूसच्या स्मृतिदिनाच्या मिस्साला जपून ठेवायची. त्या वर्षीची सगळी सुट्टी तिने वसईच्या कोर्टाला दिली. दोनदा तारीख पडली, तिसऱ्यांदा ती उभी राहिली.

लॉईडच्या वकिलाने तिला बरंच विचारलं. मग तो मुख्य मुद्द्यावर आला. "तुम्ही म्हणता ईस्टरच्या वेळी वळ पाहिले. एवढे भयंकर वळ पाहिले, आणि तिला नवऱ्याबरोबर परत पाठवलं? तुम्ही स्वतः?"

"हो. मी स्वतः."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला ते गंभीर वाटलं नाही."

कोर्टात पंखा फिरत होता. मागच्या बाकावर जॅस्मिन आईजवळ बसली होती. कॅथरीन म्हणाली, "गंभीर वाटलं. पण तो माझा भाऊ होता, म्हणून मी तिला सोसायला सांगितलं. त्यानंतर तिचं मनगट मोडलं. साहेब, मी पाठवली नसती तर मोडलं नसतं. हे मला कुणी विचारलं नसतं तरी मी सांगणार होते."

वकिलाने कागद मिटले आणि तो खाली बसला.

अंतरिम आदेश निघाला. ॲव्हरिल आईकडे राहील. लॉईडने जॅस्मिनच्या घरापाशी किंवा कामाच्या जागी जायचं नाही. मुलीशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर, ठरल्या वेळी. मुलीचा खर्च त्याने द्यायचा. आणि त्याने समुपदेशकाकडे जायचं. मूळ प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडतात, कधी वकील नसतो तर कधी साहेब रजेवर. जॅस्मिन तारखेला जाते आणि तिथून परस्पर कामावर. तिला जुन्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. मनगट थोडं वाकडं राहिलंय, त्यामुळे सुई धरायची पद्धत तिने बदलली.

सव्वा वर्षाने, आईच्या स्मृतिदिनी, लॉईडचा फोन आला. कॅथरीन ऑफिसात होती. त्याने नुसतं हॅलो म्हटलं.

"जेवतोस का नीट?" तिने विचारलं. तोंडातून तेच निघालं.

"हो." मग तो म्हणाला, "समुपदेशनाला जातोय. व्हिडिओवर असतं. जिब्रान म्हणून एक आहे आमच्या शिफ्टला, त्याच्या खोलीत बसून करतो."

"तिथे काय सांगतोस?"

"सांगतो... जे झालं ते."

"मारलं, असं म्हणतोस का? मी मारलं, असं?"

कॅथरीनने फोन कानाला तसाच धरून ठेवला. दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरची घंटी वाजत होती, ती तिने वाजू दिली.

"एकदा म्हणालो," लॉईड म्हणाला.

"बरं. पुढच्या महिन्यात पण फोन कर."

तो करतो. कधी दोन मिनिटं, कधी पाच. तिने त्याला अजून घरी बोलावलेलं नाही.

दरम्यान, नको असताना तिच्याकडे आणखी एक काम आलं. खालच्या मजल्यावरच्या मनालीकडून कुणाला तरी कळलं असावं. मस्कतजवळच्या सीबमधून एका बाईचा फोन आला, मग एक ऑफिसात येऊन काळा चष्मा न काढता बसली, मग एका ड्रायव्हरने मान खाली घालून आपल्या बहिणीबद्दल विचारलं. कॅथरीन काही फार करत नाही. दूतावासात कुठल्या दिवशी जायचं, डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचं, पासपोर्टचा फोटो काढून कुणाला पाठवून ठेवायचा, एवढं सांगते. सल्ला देत नाही. जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तुझं काय ठरतंय ते ठरव, गाडी लागली तर सांग, म्हणते. गाड्यांचं तिला जमतं.

गेल्या मे महिन्यात ती गासला गेली होती. एका दुपारी भुईगावहून जॅस्मिन आणि ॲव्हरिल भेटायला आल्या. ॲव्हरिलचं मराठी आता वसईकडचं झालंय, आजीसारखं हेल काढून बोलते. ती वाडीत पळाली. दोघी ओट्यावर बसल्या. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी झाल्या.

मग जॅस्मिन म्हणाली, "कॅथीबाय, तुम्ही कोर्टात बोललात ते मी विसरणार नाही. पण मला अजून तुमचा राग येतो. त्या ईस्टरच्या दिवसाचा. मध्येच येतो. काम करताना पण येतो."

"येऊ दे," कॅथरीन म्हणाली.

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटतं. पण तो राग मी कसा काढून घेणार?"

जॅस्मिनने मान हलवली. तिच्या ड्यूटीची वेळ होत आली होती. ती उठली, साडी नीट केली आणि वाडीच्या दिशेने पाहून म्हणाली, "ॲव्हरिल राहू दे ना तुमच्याकडे रविवारपर्यंत. मला उद्यापासून तीन दिवस सकाळची ड्यूटी आहे. रविवारी मिस्साला येईन, तेव्हा घेऊन जाईन."

"काय खाते ती?"

"मासे नुसते तळलेले. आणि वरण पातळ लागतं तिला," जॅस्मिन म्हणाली, आणि बस गाठायला भरभर निघाली.